तान्ह्या बाळाची कावीळ

नवजात बालक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर दिसू लागले, की घरातील वडीलधाऱ्या बायका ‘हे व्हायचंच, आपोआप उतरेल’ असे म्हणून निश्चिंत होतात. आणि बहुसंख्य बालकांविषयी त्यांचे हे भाकीत खरे ठरत असल्यामुळेच, ज्या थोड्यांविषयी ते खोटे ठरते, त्यांच्या उपचारात घातक दिरंगाई होते.

जुन्या तांबड्या रक्तपेशींचे विघटन होताना बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निर्माण होते, आणि यकृताने त्याला पाण्यात विरघळण्याजोगे केल्यावाचून पित्तावाटे त्याची रवानगी होत नाही. अर्भकाच्या रक्तपेशी अल्पायुषी आणि यकृत अपक्व असल्याने हे द्रव्य काही दिवस साचते व पुढे बहुधा ओसरते. परंतु ते मर्यादेबाहेर वाढून मेंदूत शिरले, तर बहिरेपणा आणि अवयवांचे वैकल्य जन्मभर राहते.

यावरील उपचार एका परिचारिकेच्या निरीक्षणातून निघाला. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बालकांना उन्हात नेत असत. 1956 साली अशाच एका बालकाचा उघडा भाग निवळलेला आणि चादरीखालचा तेवढा पिवळाच राहिलेला त्यांनी डॉक्टरांना दाखविला. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन घटलेले आढळले, आणि तेथील डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 साली प्रकाशोपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूची घडण बदलते व यकृताच्या संस्काराविनाही ते शरीराबाहेर पडू शकते.

मात्र यावरून बाळाला उन्हात निजविले म्हणजे काम भागले, असे कोणी समजू नये. रुग्णालयात प्रकाशाची तीव्रता नेमकी ठेवतात, डोळे झाकतात आणि रक्त वारंवार तपासून प्रकृतीची खातरजमा करतात; घरच्या उन्हात यांपैकी काहीच साधत नाही, उलट कोवळी त्वचा भाजण्याचे भय असते.

पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, दूध न ओढणारे सुस्त बाळ, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आईचे रक्त आर्‌एच्‌ ऋण असेल, तर बाळाच्या रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते, म्हणून ते प्रसूतीपूर्वीच सांगावे. बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवू नयेत. काही बालकांच्या रक्तपेशी त्यामुळे फुटतात. दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ तपासलीच पाहिजे. त्यातही शौचाचा रंग पांढुरका असेल तर पित्तमार्ग बंद असण्याचा संशय धरावा, कारण त्यावरील शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांतच अधिक फलदायी ठरते.

अंगावरचे दूध तोडू नका, साखरपाणी पाजू नका, गळ्यात माळ बांधून वाट पाहत बसू नका. रुग्णालयातून लवकर घरी आलेले बाळ तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा दाखवून आणा, एवढीच माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.