प्रेम म्हणजे कुणाला काय



केंद्रात आलेल्या बाईला विचारावं, "नवऱ्याचं प्रेम आहे का?" एक म्हणते, "पगार हातात देतो की." दुसरी म्हणते, "संशय घेतो, म्हणजे जीव आहे." असल्या जिवाची मला भीतीच वाटते.

आज मला एका पत्राविषयी बोलायचंय. २९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना ते लिहिलं. पोथी-पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि सारजा ही महार मुलगी यांचं जमलं, तिला सहावा महिना लागला. गावाने दोघांची धिंड काढली, ठार मारायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, दोघांना सोडवलं. आणि त्यांना जोतीरावांकडे पाठवतेय, असं कळवलं. 'पाठवू का' नाही. नवऱ्यावर एवढा भरवसा! मी तर याला प्रेमपत्रच म्हणते.

विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात आजही ३० दिवसांची नोटीस लागते, आणि ती नेमकी घरच्यांच्या हाती पडते. तेवढे दिवस अशा जोडप्याला कुणाच्या घरी ठेवायचं, त्याची यादी आज उठण्यापूर्वी करूया. पहिलं नाव माझं लिहा.