टेबलाच्या अलीकडून
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘छंदातून व्यवसाय’ असा विषय दिला आहे. छंद राहू दे, व्यवसायाबद्दलच बोलते. कारण सकाळपासून चौघीजणींनी विचारलं, “तुझ्यासारखा स्टॉल आम्हीही लावू का गं?”

मी खणाच्या कापडाचे आणि मोत्यांचे दागिने करते. ठुशी, चिंचपेटी, बुगड्या, कानातली. गौरी-गणपती, दिवाळी आणि संक्रांतीच्या आधी मंगल कार्यालयांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये दोन-दोन दिवसांची प्रदर्शनं भरतात, तिथे विकते. प्रत्येक सणाची मागणी वेगळी. गौरीच्या आधी नथ आणि ठुशी, तीही मुखवट्याला शोभेल अशी. संक्रांतीला काळ्या साडीवर उठून दिसेल असं काही. त्या दिवसांत हलव्याचे दागिने करणाऱ्या बायकांना तर मान वर करायला फुरसत नसते, आणि संक्रांत-रथसप्तमी उलटली की त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

आता हिशेब. गणिताचे सर समोरच बसलेत, चुकला तर सांगतीलच. दोन दिवसांच्या टेबलाचं भाडं ६००० रुपये, रिक्षा आणि जेवणखाण १०००. माझा एक नग सरासरी ३५० ला जातो. त्यात कापड, मणी, दोरी, डबी मिळून ११० रुपये. उरले २४०. म्हणजे ३० नग विकले तेव्हा कुठे टेबलाचा खर्च सुटला. बहुतेक जणींची वही इथे संपते, एकतिसाव्या नगापासून नफा. पण एक नग करायला दीड तास लागतो. तासाला १०० रुपये मजुरी धरा. मग नगामागे उरतात ९०, आणि तोच खर्च सुटायला ७८ नग विकावे लागतात. दोन दिवस टेबलामागे उभं राहायची मजुरी यात अजून धरलेलीच नाही.

स्वतःची मजुरी लिहायला आपल्याला लाज वाटते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण तोरणं केली, रुमालांवर टाके घातले, बाईंनी गुणही दिले. किती वेळ लागला हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि आपल्यालाही ते मोजावंसं वाटलं नाही. ती सवय पुढे संसारात पक्की झाली.

जिचं घर दुसऱ्या पगारावर चालतं, ती म्हणते, “माझा वेळ जातो गं छान, मी १८० ला देते.” दे बापडी. पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या मुलांची फी त्याच टेबलातून जाते. गिऱ्हाईक दोन्ही टेबलं बघतं आणि त्यांना विचारतं, “तिकडे १८०, मग तुम्हीच का लुटता?” या प्रश्नाला त्या बाईंकडे उत्तर नसतं. मला घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचा राग येत नाही, भाव करणं त्यांचा हक्क आहे. राग येतो तो या १८० चा.

भाव पाडला की पहिली काटछाट मालात होते. कर्नाटकातलं, बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे खणाचं जुनं गाव. तिथला हातमागाचा खण महाग पडतो, यंत्रमागाचा स्वस्त. दागिन्यात बोटभर तुकडा दिसतो, त्यामुळे फरक पटकन कळत नाही. १८० च्या दागिन्यात हातमाग परवडत नाही. म्हणजे माझ्या मजुरीबरोबर कुणा विणकराचीही गेली.

“हे तर मी घरी करीन,” असं म्हणणारी प्रत्येक हॉलमध्ये किमान एक भेटतेच. मी तिला मणी कुठे मिळतात ते सांगते. खरंच करणाऱ्या थोड्या. त्यातली एक आता माझ्याच रांगेत टेबल लावते, आणि भाव माझ्यापेक्षा २० रुपये जास्त सांगते. तिची तार माझ्यापेक्षा सफाईदार बसते, हे मान्य करायला हवं.

तेव्हा ज्या चौघींनी विचारलं, त्यांनी भाडं भरण्याआधी दिवाळीच्या प्रदर्शनात एक पूर्ण दिवस माझ्यामागे येऊन बसावं. सकाळी ९ ला माल मांडायचा, रात्री ९ ला आवरायचा. डबा घरून आणा. घड्याळ आणि वही मी देईन.