भोपळ्याचे नाते: स्वागताध्यक्षीय भाषण



लोकगायन आणि सार्वजनिक आरोग्य या विषयाला मिरजेइतके योग्य गाव नाही, असे मी अभिमानाने म्हणतो. १८९४ साली डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल इथे उभे राहिले; खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ उरुसात दर्ग्यात आजही गाणे होते. पण बाहेर ज्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, ते फरीदसाहेब सतारमेकर. एकोणिसाव्या शतकात लढायांचे दिवस सरले आणि शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांना काम उरले नाही. तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी पोलाद बाजूला ठेवून सतार-तंबोऱ्यासाठी भोपळा हाती घेतला. पंढरपूर भागातला जाड सालीचा भोपळा सुकवायचा, कापायचा, त्याला तुणाचे लाकूड जोडायचे आणि शेवटी घोडी घासून घासून जवारी लावायची. अख्ख्या गल्लीला त्या धंद्याचे नाव पडले.

उत्तर नायजेरियातल्या हौसा स्त्रियांच्या ‘अमाडा’ गाण्यातही भोपळाच वाजतो, पाण्यावर पालथा तरंगत. गाणे आणि आरोग्य यांचे इथून पुढचे नाते विश्वासाचे आहे. १९९६ मध्ये कानो शहरात मेंदूज्वराची साथ असताना एका परदेशी कंपनीने आजारी मुलांवर नवे औषध तपासून पाहिले. त्याची सल लोकांच्या मनात राहिली. २००३ मध्ये तिथे पोलिओचे डोस थांबले, ते २००४ मध्ये पुन्हा सुरू झाले. दरम्यान विषाणू अनेक देशांत पोहोचला. लोकांना माहिती नव्हती असे नाही, त्यांच्या संशयाला कारण होते, आणि असा संशय पत्रकांनी जात नाही. तिथे आपल्यातला माणूस लागतो. हौसा लोकगायक दान मराया जोस यांची एकतारी कुंटिगी म्हणजे सार्डिन माशांच्या डब्यावर शेळीचे कातडे ताणलेले वाद्य. मजुरांची, ट्रकवरच्या क्लीनरची गाणी गाणारा असा गायक आरोग्यावर बोलला, तर ते सरकारी वाटत नाही. २०२०च्या कोरोनातही हौसा गायक हात धुण्यावर गायले.

आक्षेप असा की, ‘मरोका’ म्हणजे तिथले स्तुतिगायक बिदागी घेऊन गातात. मग आरोग्याचे गाणेही विकतचेच. आक्षेप खरा आहे. म्हणूनच पैसा कोणाचा ते उघड सांगावे, आणि लोकांची शंका गाण्यात आधी मान्य करावी. शंका मान्य न करणारे गाणे जाहिरातच राहते. दुसरा आक्षेप, गाण्याने पोलिओ जात नाही. नाहीच जात. ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका नैसर्गिक पोलिओविषाणूपासून मुक्त ठरली, त्याचे श्रेय गाण्यांना देणे म्हणजे फेब्रुवारी २०१३ मध्ये कानोत गोळीबारात मरण पावलेल्या लसीकरण कार्यकर्त्यांचा अवमान होईल. परक्या पुरुषाला तिथल्या घराच्या आत जाता येत नाही. डोस घेऊन बाईच आत जाते. पण ती दारात उभी राहण्याआधी आतल्या आईच्या कानावर काय पडलेले असते, तेवढ्यापुरते गाणे मोलाचे, आणि तेवढे फार झाले.

आता क्षमायाचना. निवासाची सोय तीन ठिकाणी विभागावी लागली, गरम पाणी सहानंतर पुरेल याची खात्री नाही, आणि मंडपाच्या मागच्या बाजूला आवाज कमी पोहोचतो. जे उणे असेल ते आमचे माना. तांदूळ, गूळ देणारे व्यापारी, पहाटेपासून भाकऱ्या भाजणाऱ्या बचतगटाच्या भगिनी, मंडप विनामूल्य घालणारे कंत्राटदार, शाळेचे वर्ग मोकळे करून देणारे शिक्षक आणि मंचावरचे चारही तंबोरे विश्वासाने सोपवणारे कारागीर, या सर्वांचा मी ऋणी आहे. सतारमेकर गल्लीतली दुकाने आज दुपारी चारनंतर आपल्यासाठी उघडी आहेत. जवारी कशी लागते ते पाहायला जरूर या.