नकुसा, येतेर, झाओदी

बारशाआधी घरोघरी चाळल्या जाणाऱ्या पुस्तकांत मुलींच्या नावांचे अर्थ बहुधा फूल, नदी, देवी यांच्या आसपास फिरतात. पण या पुस्तकांत कधीच न छापली जाणारी नावंही जगभर ठेवली गेली आहेत. तुर्कस्तानात ‘येतेर’, म्हणजे पुरे. अझरबैजानात ‘गिझबस’, मुली बस्स झाल्या. हरियाणात ‘भतेरी’, पुष्कळ झाल्या. चीनमध्ये ‘झाओदी’, धाकट्या भावाला बोलावून आणणारी. आणि आपल्या साताऱ्याकडची ‘नकुसा’, म्हणजे नकोशी. धर्म निराळे, भाषा निराळ्या, तरी तिसऱ्या-चौथ्या मुलीच्या पाळण्यापाशी सगळ्यांना सुचतं ते हेच. माझ्या मते ही नावं त्या मुलीसाठी ठेवलेलीच नसतात. तो देवाला, नाहीतर पुढच्या बाळाला धाडलेला निरोप असतो. वागवावा मात्र तिला लागतो.

यावर कोणी म्हणेल, ओंगळ नावं मुलग्यांनाही ठेवतातच की! धोंडू, दगडू, केरबा आपल्याकडे कमी आहेत का? खरं आहे. चीनमध्येही मुलग्याला ‘गौशंग’, म्हणजे कुत्र्याने टाकलेलं उष्टं, असं नाव दिलेलं आढळतं. पण ही नावं कशासाठी असतात? आधीची मुलं दगावलेली असतात, हे तरी जगावं, दृष्ट लागू नये, म्हणून मुद्दाम त्याला कवडीमोल ठरवायचं. म्हणजे दगडूच्या नावात लबाडी आहे आणि ती लबाडी मायेपोटी आहे. नकुसाच्या नावात लबाडी नाही. दुसरा आक्षेप असा, की वापरून वापरून नावाचा अर्थ झिजतो, रोज हाक मारताना तो कोणाच्या मनात येतो? जुन्या, अनोळखी शब्दांच्या बाबतीत हे मान्य करता येईल. पण ‘नको’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! तो झिजणार कसा?

२०११च्या ऑक्टोबरात साताऱ्यात सरकारी पुढाकाराने झालेल्या समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावं मिळाली. नाव बदलून मन बदलतं का, ही शंका रास्त आहे. त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे देशात मुली होत्या ९१९, आणि ही तूट काही नावांनी भरून निघणार नाही. मात्र लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून नवरीचं नाव सहज बदलणाऱ्या समाजाला नावबदल एकाएकी वरवरचा वाटावा, ही मोठी गंमत आहे. तिथे नाव नवरा निवडतो. साताऱ्यात अनेक मुलींनी ते स्वतः निवडलं, काहींनी चक्क सिनेतारकांचं. नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत. खरी काळजी कागदांची आहे. जन्माचा दाखला, शिधापत्रिका आणि शाळेचं रजिस्टर ही तिन्ही बदलली नाहीत, तर हजेरी घेताना गुरुजी जुनंच नाव पुकारणार.