ड्रिलची बॅटरी: लहान की मोठी?

शिडीवर उभं राहून, हात वर करून,
पडद्याचा रॉड बसवलाय कधी?
मग ड्रिल मशीनचं वजन काय असतं, ते तुमच्या खांद्याला विचारा!

बिनवायरच्या ड्रिलमध्ये बरंचसं ओझं बॅटरीचं.
तिच्यावर दोन आकडे असतात.
व्होल्ट म्हणजे जोर.
अँपिअर-अवर म्हणजे दम.
पुन्हा सांगतो…
व्होल्ट म्हणजे जोर, अँपिअर-अवर म्हणजे दम.

18 व्होल्टच्या लहान लिथियम बॅटरीत 5 सेल असतात, एकाच थरात.
मोठीत बहुधा 10, दोन थरांत.
म्हणून ती जास्त वेळ चालते…
आणि हातही जास्त दुखवते.

बिजागऱ्या, कपाटाचे स्क्रू, पडदे…
एवढ्याला 2 अँपिअर-अवरची लहान बॅटरी पुरते.
अशा दोन घ्या.
एक मशीनला, एक चार्जरवर.
ग्राइंडरला मात्र मोठीच हवी.
तिथे लहान बॅटरी तापते, लवकर दमते.

आणखी एक.
एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही.
दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

आणि वापरून गरम झालेली बॅटरी…
आधी निवू द्या,
मग चार्जिंगला लावा.