घरभाडे : आधार आणि जबाबदारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला "घर भाड्याने देणे" या विषयावर बोलायला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी आहे. वकिली भाषा मला येत नाही. परंतु वाळूजकडचे आमचे लहानसे घर गेली दहा वर्षे भाड्याने आहे आणि त्याचा हिशेब माझ्याच वहीत असतो. म्हणून दोन शब्द बोलायला उभी राहिले आहे.

आपले शहर कसे वाढले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. १९९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती पावणेसहा लाखांच्या आत होती, ती २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेली. आधी चिकलठाण्याची वसाहत, मग वाळूज. तिथे १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि बीड-जालन्याकडची, पुढे तर बिहार-उत्तर प्रदेशातलीही मुले कामाला आली. आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिकची मोठी वसाहत उभी राहते आहे, आणि जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करनेही आपल्याकडे कारखाना काढण्याचा करार सरकारशी केला. माणसे आली की त्यांना छप्पर लागते. त्यामुळे ज्याच्या हाती चार पैसे आले तो म्हणतो, एक रो-हाउस घेऊन टाकू, भाड्यावर हप्ता फिटेल.

तो फिटतो का, हे कागदावर मांडून पाहू या. समजा घर तीस लाखांचे आहे. दहा लाख आपले आणि वीस लाख बँकेचे. साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांच्या मुदतीने हप्ता येतो सतरा हजारांच्या वर. भाडे नऊ हजार धरले तर उरलेले आठ हजार दरमहा घरातून घालावे लागतात. शिवाय घरपट्टी, पाणीपट्टी, रंग, मोटर जळणे, आणि घर रिकामे राहिले ते महिने. वर्षाचे भाडे झाले एक लाख आठ हजार, म्हणजे तीस लाखांवर चार टक्केसुद्धा नाही. बँकेत ठेव ठेवली तर याहून जास्त मिळते. मग लोक घर का घेतात? जागेची किंमत वाढेल या आशेने. ती वाढतेही, पण सगळीकडे नाही आणि आपल्याला गरज असेल त्याच वर्षी नाही. मुलीचे लग्न किंवा दवाखाना निघाला तर ठेव मोडता येते, घराची एक खोली काही मोडून विकता येत नाही. म्हणून कर्ज काढून दुसरे घर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. यजमानांच्या फंडाचे पैसे आले, शेतीचा वाटा आला, तर गोष्ट वेगळी.

घर घेताना नाव कोणाचे लावावे, हा प्रश्न आपल्यातल्या किती जणी विचारतात? १ एप्रिल २०२१ पासून राहते घर फक्त स्त्रीच्या नावावर खरेदी केले तर मुद्रांकशुल्कात एक टक्का सूट आहे. तीस लाखांवर तीस हजार वाचतात. हे सांगितल्यावर पुष्कळ पुरुष एकदम राजी होतात! निमित्त काही असो, नाव लागते हे महत्त्वाचे.

कागदांविषयी मात्र कठोर राहा. आपल्याकडे गुंठेवारीच्या वस्त्या फार. बाँडवर लिहून घेतले, नोटरी केली, झाली खरेदी, असे अजूनही सांगणारे भेटतात. ती खरेदी नव्हे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना संधी मिळाली. तेव्हा असे घर असेल तर नियमितीकरणाचा कागद मागा. सिडकोच्या जमिनी मुळात लीजवर दिलेल्या, तिथे आधीची सर्व हस्तांतरणे नोंदली आहेत का ते पाहा. आणि पाणी! नाथसागर इतका जवळ असून नळाची आठ-आठ दिवस वाट पाहणे आपण वर्षानुवर्षे भोगले आहे. ज्या घराची टाकी लहान, त्या घरात भाडेकरू टिकत नाही. आमच्या घराला मोठी टाकी बांधली तेव्हापासून घर क्वचितच रिकामे राहिले.

आता भाडेकरार. "अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले आहे. महाराष्ट्रात ते खरे नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, पुढे वाद झाला तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. उलटे सिद्ध करणे आपल्या माथी. खर्च म्हणाल तर मुद्रांक एकूण भाड्यावर पाव टक्का, नोंदणी फी शहरात हजार रुपये, खेड्यात पाचशे. एवढ्यासाठी लाखांचे घर टांगणीला लावू नये. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यावी.

एक विषय बोलू की नको असे मनात होते, पण बोलतेच. घर दाखवताना आपण पहिले काय विचारतो? आडनाव. आडनावावरून जात कळली नाही तर गाव. मग "बाई एकट्याच राहणार का?" आमच्याकडे एक मुलगी आली होती. कंपनीत पॅकिंगला, नवऱ्याने टाकलेली, पदरात चार वर्षांचा मुलगा. सहा घरांतून नकार घेऊन आली होती, आणि नकार देणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "ताई, उद्या काही झाले तर तुमच्या नावाला बट्टा लागेल." मी करार नोंदवला आणि किल्ली दिली. पाच वर्षे राहिली. दर पाच तारखेला भाडे. २०२० च्या टाळेबंदीत कंपनी बंद होती तेव्हा तीन महिने निम्मेच देऊ शकली, आणि दिवाळीपर्यंत राहिलेले सर्व, मी न मागता, आणून दिले. त्याच काळात आमच्या ओळखीतल्या एका प्रतिष्ठित कुटुंबाने दुसऱ्या एका भगिनीचे आठ महिन्यांचे भाडे बुडवले, आडनाव अगदी पसंतीचे होते. या सभागृहातल्या किती जणींची मुलगी आज पुण्याला किंवा बंगलोरला खोली शोधत फिरते आहे, ते हात वर करायला न सांगताही मला ठाऊक आहे.

माझा वेळ संपत आला आहे. नोंदलेल्या कराराची एक कोरी नक्कल मी पिशवीत आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना उतरवून घ्यायची असेल त्यांनी घ्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवीन.