भूमच्या दुधात प्रौढांचा वाटा



बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला भूम तालुका अवर्षणाचे चटके पिढ्यानपिढ्या सोसत आला आहे. 1972 च्या दुष्काळाची आठवण येथील वृद्ध मंडळी आजही काढतात. पाऊस भरवशाचा नाही. म्हणून शेतीच्या जोडीला गोठा, आणि गोठ्याच्या आधारावर संसार, अशी येथील रीत पडली. त्यातूनच खव्याचा धंदा वाढला. ईट, पाथरूड, वालवड या बाजूंना सकाळी दुधाच्या कॅनची ये-जा सुरू होते आणि भट्ट्यांवरील कढया तापू लागतात. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हा या भट्टीवर राबणाऱ्या हातांचा यथोचित गौरवच होय.

अशा दुधाच्या मुलखात ‘प्रौढ माणसाने दूध घ्यावे काय?’ हा प्रश्न काहींना अनाठायी वाटेल. परंतु दूध ज्या घरात निघते त्याच घरातील कर्त्या माणसांच्या पोटात ते किती जाते, हे पाहू लागले की प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. लहान मुलाला पेलाभर दूध दिले जाते आणि चहापुरते बाजूला काढले जाते. उरलेले सारे भट्टीकडे जाते. धार काढणारी, शेण-चारा करणारी गृहिणी दिवसभरात चमचा-दोन चमचे दूध घेत असेल, तेही चहातूनच.

पूर्वी असे नव्हते. आणि याचे कारण केवळ लोकांची हौस बदलली हे नव्हे. दुधाचे लोणी-तूप करून विकण्याची पद्धत होती तेव्हा बाजारात जाई ती स्निग्धता, आणि घरात राही ते ताक. त्या ताकात दुधातील प्रथिने, कॅल्शियम व ब-12 जीवनसत्त्व यांचा मोठा भाग शिल्लक असे. ते विकण्याची चाल नसल्यामुळे घरच्यांना पोटभर मिळे, गड्याला मिळे आणि शेजाऱ्यालाही मिळे. ताकाला जाऊन भांडे लपविणाऱ्या माणसाची म्हण आपल्या भाषेत आली ती या रिवाजातूनच. खव्याचे गणित निराळे आहे. कढईतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. बाकी सर्व सत्त्व खव्याच्या गोळ्यात राहते आणि गोळा शहराकडे जातो. सुमारे पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो खवा पडतो. मागे उरते ती खरवडलेली कढई. पैसा रोख आणि लवकर मिळतो हे खरे. पण ताक गेले ते गेलेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रौढ माणसाला दुधावाचून जगता येत नाही असे मुळीच नाही. दुधातील साखर पचविण्यासाठी लागणारे लॅक्टेज हे पाचक द्रव्य बालपणानंतर बहुसंख्य माणसांत कमी होत जाते. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे. भारतात दूध सहज पचविणाऱ्यांचे प्रमाण वायव्येकडे अधिक, तर दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळते. पेलाभर दूध घेताच ज्याच्या पोटात गुडगुड होते किंवा वात धरतो, त्याला रोगी समजण्याचे कारण नाही. थोडे दूध जेवणासोबत घेतले, किंवा दुधाऐवजी दही-ताक घेतले, तर अशा माणसांनाही ते बहुधा मानवते. कारण विरजणातील जिवाणू त्या साखरेचा काही भाग आधीच खाऊन टाकतात. तरीही न मानवल्यास आग्रह करू नये.

दूध जितके अधिक तितके हाड बळकट, हाही एक भाबडा समज आहे. स्वीडनमधील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. दिवसाला तीन वा अधिक पेले दूध पिणाऱ्या स्त्रियांत हाडे मोडण्याचे प्रमाण कमी आढळले नाही. उलट मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. दही व तत्सम आंबविलेल्या पदार्थांबाबत मात्र तसे दिसले नाही. या निष्कर्षांचा अर्थ जपून लावावा, असे खुद्द संशोधकांनीच बजावले होते. शिवाय ती माणसे मुळात भरपूर खाणारी होती. भूमच्या शिवारातील स्त्रीचे ताट आणि त्यांचे ताट यांत फार अंतर आहे.

ते ताट कसे असते? ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण किंवा पिठले, एखादी भाजी, चटणी. हा आहार वाईट नाही. कित्येक शहरी ताटांपेक्षा तो चांगलाच आहे. परंतु 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असते जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम, आणि प्रौढाची दैनंदिन गरज 1,000 मिलिग्रॅमची. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी पडते; ते काही अंशी डाळ भरून काढते, काही अंशी दूध. ब-12 जीवनसत्त्व तर वनस्पतिजन्य अन्नात नसतेच. अंडी, मासे, मांस न खाणाऱ्या घरात त्याचा नैसर्गिक आधार दूध-दही हाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढाच्या दिवसाच्या आहारात 300 मिलिलिटर दूध किंवा दही धरले आहे. त्यातून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. उरलेली गरज तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांनी भागवावी लागेल; शेवगा तर येथे बांधाबांधावर उभा आहे.

दूध मुळीच न घेण्याचा ज्यांचा निश्चय आहे, त्यांनाही मार्ग बंद नाही. मात्र त्यांनी ब-12 ची सोय वैद्यकीय सल्ल्याने गोळीच्या रूपाने केली पाहिजे. महात्मा गांधींनी 1912 साली दूध सोडले होते. पुढे गंभीर आजारानंतर, डॉक्टरांच्या आग्रहास्तव व कस्तुरबांच्या सुचविण्यावरून, त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले आणि व्रताचा आत्मा दुखावल्याची खंत आत्मकथेत नमूद केली. उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर पोहोचविणाऱ्या या जिल्ह्याला शेळीच्या दुधाचे अप्रूप नाही. पण गाईम्हशीचे दूध ज्याला पचत नाही त्याने शेळीच्या दुधाने साखरेचा त्रास टळेल असे मानू नये. ती साखर त्यातही असतेच.

दूध पूर्णान्न आहे असे आपण शाळेत शिकविले. त्यात लोह अत्यल्प असते, हे त्याच धड्यात सांगावयास हवे होते. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातील लोहही नीट शोषू देत नाही. म्हणजे चहातील दुधाचा हिशेब जमेच्या बाजूला मांडताना जपलेलेच बरे. पेढा हा दुधाचा असला तरी त्यातील साखर विसरू नये. आणि कच्चे, न उकळलेले दूध कोणीही पिऊ नये.

आता व्यवहार. घरात चार प्रौढ असतील आणि रोज एक लिटर दूध घरी ठेवले, तर सुमारे 200 ग्रॅम खव्याचे उत्पन्न रोज बुडते. म्हशीच्या कर्जाचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे त्याला हे नुकसान लहान नाही, आणि बाहेरून आलेल्या वक्त्याने ते लहान म्हणू नये. परंतु तेच एक लिटर विरजून घुसळले तर त्यातून साठ ग्रॅमांच्या आसपास तूप निघते. ते विकता येते, आणि ताक घरात उरते. त्यात पाणी बेताने घालावे; पातेलेभर पाण्यात पेलाभर दही हे ताक नव्हे.

पंचायतीच्या सभासदांनी महिला बचत गटांच्या बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. शिक्षकांनी मुलांकडून एक साधी नोंद करून घ्यावी: काल घरात किती दूध निघाले, किती गेले, आणि उरलेले कोणी घेतले. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या घरी तर ही नोंद अंगणवाडी सेविकेने आधी पाहावी. तिसऱ्या रकान्यात आईचे नाव किती वह्यांत आढळते, ते ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे.